नॉर्वेची दोन उत्तरे आणि डेन्मार्कचे दोन गुण

23 मार्च 1963 च्या रात्री लंडनच्या बीबीसी टेलिव्हिजन सेंटरमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेचा निकाल लागला, तेव्हा गुणफलकावर डेन्मार्कच्या नावापुढे 42 आणि स्वित्झर्लंडच्या नावापुढे 40 हे आकडे होते. ‘डान्सेवीसे’ हे डॅनिश गाणे दोन गुणांनी पहिले आले आणि उत्तर युरोपातील एखाद्या देशाला या स्पर्धेत प्रथमच विजय मिळाला. परंतु मतमोजणीच्या सुरुवातीच्या टप्प्यात नॉर्वेच्या निवेदकाने दूरध्वनीवरून जे गुण वाचले होते, ते अखेरीस नोंदल्या गेलेल्या गुणांहून वेगळे होते. आणि ते पहिले गुण कायम राहिले असते, तर हेच दोन आकडे नेमके उलटे, म्हणजे स्वित्झर्लंड 42 आणि डेन्मार्क 40 असे, लागले असते. हा प्रसंग सहसा ‘शेजाऱ्याने शेजाऱ्याला जिंकवले’ एवढ्या एका वाक्यात सांगून संपवला जातो. मला त्यातला मोजणीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण गाण्याला गुण कसे दिले जातात, ते कसे एकत्र केले जातात आणि कोणत्या क्षणी जाहीर होतात, यावर विजेता किती अवलंबून असतो हे त्या एका रात्रीच्या आकड्यांतून फार स्वच्छ दिसते.

आधी स्पर्धेविषयी थोडक्यात. युरोपातील प्रसारण संस्थांचा ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’ हा संघ 1950 मध्ये स्थापन झाला आणि त्याने 1956 मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा सात देशांना घेऊन भरवली. अनेक देशांतील दूरचित्रवाणी केंद्रे जोडून एकच थेट कार्यक्रम सर्वत्र दाखवणे हे त्या काळी तांत्रिक धाडसच होते, आणि त्या धाडसाला निमित्त म्हणून गाण्यांची स्पर्धा निवडली गेली. स्पर्धेत भाग घेतात त्या देशांच्या प्रसारण संस्था, सरकारे नव्हेत. प्रत्येक संस्था एक नवे गाणे पाठवते, अंतिम फेरीतील सर्व गाणी एकाच रात्री सादर होतात, मग प्रत्येक देश इतरांच्या गाण्यांना गुण देतो आणि स्वतःच्या गाण्याला मात्र देऊ शकत नाही. जिंकणाऱ्या देशाने पुढच्या वर्षी यजमानपद घ्यावे, असा प्रघात आहे.

हा प्रघात 1963 मध्ये मोडला होता. आदल्या वर्षी फ्रान्स जिंकला होता, परंतु 1959 आणि 1961 मध्ये यजमानपद सांभाळलेल्या फ्रेंच प्रसारण संस्थेने ते पुन्हा घेण्यास नकार दिला आणि बीबीसीने जबाबदारी उचलली. बीबीसीने एक वेगळा प्रयोग केला. एका स्टुडिओत निवेदिका केटी बॉइल, प्रेक्षक आणि गुणफलक ठेवले, तर गायक आणि नेपथ्य दुसऱ्या स्टुडिओत होते. गायकांच्या हाती किंवा समोर मायक्रोफोन दिसत नव्हता. तो वरून, चौकटीच्या बाहेर लोंबत होता. घरी बसलेल्या अनेक प्रेक्षकांना त्यामुळे गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली असावीत अशी शंका आली. ती शंका खोटी होती, पण रात्र शंकेनेच सुरू झाली होती एवढे खरे.

डेन्मार्कचे गाणे सोळांमध्ये आठवे होते. ग्रेथे इंगमान गात होत्या आणि त्यांचे पती यर्गन इंगमान शेजारी गिटार वाजवत होते. यर्गन हे नाव संगीतप्रेमींना अपरिचित नव्हते. ‘अपाची’ या केवळ वाद्यांच्या रचनेचे त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण 1961 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, आणि डेन्मार्कमधल्या गिटारवादकासाठी ही फारच मोठी मजल होती. ‘डान्सेवीसे’ची चाल ऑटो फ्रांकर यांची आणि शब्द सायर वोल्मर-सरन्सन यांचे होते. (डॅनिश भाषेत ‘सायर’ या शब्दाचा अर्थच ‘विजय’ असा आहे, गीतकाराचे नाव त्या रात्री खरे ठरले म्हणायचे.) शीर्षकातील ‘डान्से’ म्हणजे नाचणे आणि ‘वीसे’ म्हणजे साध्या चालीचे, शब्दांना महत्त्व देणारे गीत. गाण्याला जॅझची हलकी छटा आहे. नाट्यमय शेवट, उंच स्वरातली आरोळी असे त्यात काही नाही. एक आवाज आणि त्याला उत्तर देणारी एक गिटार यांच्यातला संवाद हेच त्याचे बळ आहे. दोघांनी मिळून सादर केलेले आणि जिंकलेले हे या स्पर्धेतले पहिले गाणे. डेन्मार्कने पुढे आणखी दोनदा ही स्पर्धा जिंकली, परंतु दोन्ही वेळा इंग्रजीत गाऊन. डॅनिश भाषेत गायलेले विजेते गाणे आजवर हे एकच आहे.

आता मोजणीकडे येऊ. त्या वर्षीच्या नियमानुसार प्रत्येक देशात 20 सदस्यांचे एक परीक्षक मंडळ होते. प्रत्येक सदस्याने आपल्या आवडीची पाच गाणी निवडून त्यांना अनुक्रमे 5, 4, 3, 2 आणि 1 गुण द्यायचे होते. मंडळातील सर्वांच्या गुणांची बेरीज झाली, की सर्वाधिक बेरीज असलेल्या पाच गाण्यांना त्या देशाच्या वतीने पुन्हा 5, 4, 3, 2 आणि 1 असे गुण जाहीर व्हायचे. म्हणजे मोजणीला दोन पायऱ्या होत्या, आणि प्रेक्षकांना दिसत होती ती फक्त दुसरी.

पहिल्या पायरीवर बरेच काही घडून जाते आणि दुसऱ्या पायरीवर ते दिसेनासे होते. एका सदस्याकडे एकूण 15 गुण, म्हणजे एका मंडळाकडे 300 गुण असत आणि एखाद्या गाण्याला मंडळात जास्तीत जास्त 100 गुण मिळू शकत. समजा, एका देशात पहिल्या गाण्याला 61 आणि दुसऱ्याला 60 गुण पडले, आणि दुसऱ्या एका देशात पहिल्याला 90 व दुसऱ्याला 50 पडले. पहिल्या देशात निवड जवळजवळ बरोबरीची होती, दुसऱ्या देशात ती एकतर्फी होती. परंतु लंडनच्या गुणफलकावर दोन्हीकडून 5 आणि 4 असेच आकडे चढणार. त्याचप्रमाणे प्रत्येक देशात सहाव्या क्रमांकावर राहिलेले गाणे, कुणालाच नावडते नसूनही, शून्य गुणांवर राहणार. त्या रात्री नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि नेदरलँड्स या चार देशांना खरोखरच एकही गुण मिळाला नाही. शून्य गुण म्हणजे ‘कुणालाच आवडले नाही’ असा अर्थ काढणे म्हणूनच घाईचे ठरते.

दुसऱ्या पायरीवरचे गणित सोपे आहे. एका देशाचे 15 गुण, सोळा देशांचे 240. अंतिम निकालातील सर्व आकडे, म्हणजे डेन्मार्क 42, स्वित्झर्लंड 40, इटली 37, ब्रिटन 28, फ्रान्स आणि मोनॅको प्रत्येकी 25, ऑस्ट्रिया 16, लक्झेंबर्ग 13, जर्मनी 5, बेल्जियम 4, युगोस्लाव्हिया 3 आणि स्पेन 2, यांची बेरीज केली तर ती बरोबर 240 भरते. हा ताळा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

अशा क्रमवार गुणपद्धतीचा विचार अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ आणि नौदल अधिकारी झाँ-शार्ल द बोर्दा यांनी मांडला होता. फक्त पहिली पसंती मोजली तर बहुसंख्यांना नकोसा असलेला उमेदवारही निवडून येऊ शकतो, म्हणून खालच्या पसंतीलाही थोडे वजन द्यावे, असा त्यांचा मुद्दा होता. परंतु वजन किती द्यावे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, तर उभा राहतो. एका काल्पनिक भजनस्पर्धेचे उदाहरण घेऊ. पाच परीक्षक आहेत आणि क, ख, ग अशी तीन मंडळे आहेत. तीन परीक्षकांनी क पहिले, ख दुसरे, ग तिसरे असा क्रम लावला. उरलेल्या दोघांनी ख पहिले, ग दुसरे आणि क शेवटचे असा. केवळ पहिली पसंती मोजली तर क मंडळ 3 विरुद्ध 2 असे जिंकते. पहिल्या क्रमांकाला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 असे गुण दिले तर क ला 11 आणि ख ला 12 मिळतात. म्हणजे ख जिंकते. आणि पहिल्या क्रमांकाचे वजन वाढवून 5, 2, 1 असे गुण ठरवले तर क ला 17 आणि ख ला 16 मिळतात, आणि करंडक पुन्हा क कडे जातो. परीक्षकांनी आपले मत कणभरही बदललेले नाही. बदलला तो फक्त आयोजकांचा तक्ता. 

महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्यांना पसंतीक्रम नवा नाही, मात्र तिथली पद्धत निराळी आहे. तिथे दुसऱ्या पसंतीला स्वतःचे वजन नसते. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर ते मत पुढे सरकते. युरोव्हिजनमध्ये दुसरी, तिसरी, पाचवी अशी प्रत्येक पसंती त्याच क्षणी गुणफलकावर चढते, आणि त्यामुळे मधल्या क्रमांकांतील लहानसा फरकही थेट निकालात उतरतो. नॉर्वेच्या बाबतीत नेमके तेच झाले.

नॉर्वेची पाळी पाचवी होती. त्या काळी निवेदक पडद्यावर दिसत नसत (ते दिसू लागले 1994 पासून). दूरध्वनीच्या वाहिनीवरून फक्त आवाज यायचा. ओस्लोहून आलेल्या आवाजाने ब्रिटनला 5, इटलीला 4, स्वित्झर्लंडला 3, डेन्मार्कला 2 आणि जर्मनीला 1 असे गुण सांगितले, परंतु ते ठरवून दिलेल्या रीतीने सांगितले गेले नव्हते. केटी बॉइल यांनी ते पुन्हा सांगण्याची विनंती केली, तेव्हा निवेदकाने आमच्याकडे नंतर या, असे कळवले. मोजणी पुढे सरकली. उरलेल्या अकरा देशांचे गुण झाल्यावर लंडनहून पुन्हा ओस्लोला विचारणा झाली, आणि या वेळी उत्तर आले ते ब्रिटन 5, डेन्मार्क 4, इटली 3, जर्मनी 2 आणि स्वित्झर्लंड 1 असे. नॉर्वेची अधिकृत मते म्हणून हीच नोंदली गेली. पहिल्या वेळी वाचलेले गुण अंतिम नव्हते, मंडळाची मोजणी तेव्हा पुरी झालेली नव्हती, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

आता आकडे मांडून पाहू. नॉर्वे वगळून इतर पंधरा देशांच्या गुणांची बेरीज केली तर स्वित्झर्लंडचे 39 आणि डेन्मार्कचे 38 होतात. म्हणजे शेवटी सारा निकाल नॉर्वेवरच येऊन थांबला होता. पहिले उत्तर धरले तर स्वित्झर्लंड 39 अधिक 3, डेन्मार्क 38 अधिक 2. दुसरे उत्तर धरले तर डेन्मार्क 38 अधिक 4, स्वित्झर्लंड 39 अधिक 1. स्वित्झर्लंडसाठी एस्थर ओफारिम या इस्रायली गायिकेने फ्रेंच गाणे गायले होते. तिच्या बाजूने पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

त्या रात्री आणखी एक दुरुस्ती झाली, आणि ती तुलनेने विस्मृतीत गेली आहे. मोनॅकोच्या निवेदकाने ब्रिटन आणि लक्झेंबर्ग या दोघांनाही प्रत्येकी 1 गुण दिला होता. पाच क्रमांक आणि सहा गाणी, हे नियमात बसत नव्हते. मोनॅकोला पुन्हा विचारले गेले आणि लक्झेंबर्गचा तो एक गुण काढून घेण्यात आला. या दोन चुकांमधला फरक मोजणीच्या दृष्टीने फार बोलका आहे. मोनॅकोच्या गुणांची बेरीज 15 ऐवजी 16 होत होती, म्हणजे चूक स्वतःच ओरडून सांगत होती. ती दुरुस्त न करता पुढे गेले असते तर एकूण बेरीज 240 ऐवजी 241 भरली असती. नॉर्वेच्या पहिल्या उत्तराची बेरीजही 15 होते आणि दुसऱ्याचीही 15. दोन्ही उत्तरे नियमाला धरून आहेत, दोन्ही संपूर्ण आहेत आणि दोहोंमधले खरे कोणते हे लंडनमध्ये बसून बेरीज-वजाबाकीने ठरवता येत नाही. ते ओस्लोमधल्या वीस कागदांवरच ठरू शकते, आणि ते कागद प्रेक्षकांपुढे कधी आले नाहीत.

मग मतांची अदलाबदल मुद्दाम झाली का? संशयाला जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसरे उत्तर आले तेव्हा गुणफलक जवळजवळ भरलेला होता आणि कुणालाही पुढची बेरीज करता येत होती. परंतु आकड्यांकडे नीट पाहिले तर काही गोष्टी संशयाच्या विरोधातही जातात. पहिल्या वाचनाच्या वेळी अकरा देश बाकी होते, म्हणजे डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड यांच्यातच चुरस होणार हे तेव्हा कुणालाच माहीत असणे शक्य नव्हते. त्या वेळी घोटाळा झाला तो तरी हेतुपुरस्सर असू शकत नाही. दुसऱ्या उत्तरात ब्रिटनचे 5 गुण जसेच्या तसे राहिले आहेत. डेन्मार्कला जिंकवायचेच होते तर त्याला थेट पहिला क्रमांक देणे सोपे होते. शिवाय, ज्यांचा विजयाशी काही संबंध नव्हता अशा इटली आणि जर्मनी यांचेही गुण बदलले आहेत, आणि असा सर्वांगीण बदल अपुऱ्या मोजणीत अधिक स्वाभाविक वाटतो. वीस जणांचे प्रत्येकी पाच आकडे हाताने बेरजेला घ्यायचे, तेही लंडनची दूरध्वनी वाहिनी चालू असताना. दोन-तीन कागद मोजायचे राहिले असतील तर तिसऱ्या क्रमांकाचे गाणे पाचव्यावर घसरणे सहज शक्य आहे. माझे मत अप्रामाणिकपणापेक्षा गोंधळाकडे झुकते. मात्र आयोजनातला दोष त्यामुळे कमी होत नाही: मोजणी आणि घोषणा यांच्यामध्ये भिंत नव्हती, अर्धवट आकडे हजारो-लाखो लोकांच्या कानांवर गेले आणि अंतिम आकडे सर्वांत नाजूक क्षणी आले. एकांकिका स्पर्धेच्या निकालाची वाट पाहत सभागृहात बसलेल्यांना असे क्षण ठाऊक असतात.

शेजारधर्माचा मुद्दा पूर्णपणे निराधार आहे असेही नाही. पुढच्या दशकांत या स्पर्धेतील मतांचा संख्याशास्त्रीय अभ्यास अनेकांनी केला, आणि शेजारी देश एकमेकांना सरासरीहून अधिक गुण देतात हे त्यात वारंवार दिसून आले. पण कारणांचा शोध घेतलेल्या व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी या अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा होता, की देवाणघेवाणीपेक्षा भाषा आणि संस्कृती यांतील जवळीक अधिक प्रभावी ठरते. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषा इतक्या जवळच्या आहेत, की नॉर्वेतील परीक्षकाला ‘डान्सेवीसे’चे शब्द भाषांतराविना बरेचसे कळले असणार. कळलेले गाणे आवडण्याची शक्यता जास्त असते, आणि त्याला कट म्हणता येत नाही. दुसरीकडे, त्याच रात्री नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे तिन्ही उत्तरेकडचे देश शून्यावर राहिले, म्हणजे डेन्मार्कनेही त्यांच्यापैकी कुणाला एकही गुण दिला नव्हता. संघटित गट असता तर तो इतका उदासीन राहिला नसता.

आयोजक मात्र गुणांच्या तक्त्याशी खेळत राहिले. 1962 मध्ये 3, 2, 1 अशी पद्धत होती, 1963 मध्ये ती पाच आकड्यांची झाली आणि 1964 मध्ये 5, 3, 1 वर आली. 1967 पासून पुन्हा दहा परीक्षकांनी प्रत्येकी एक मत द्यायचे, असे जुने वळण घेतले गेले. त्याचा परिणाम 1969 मध्ये दिसला: स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना प्रत्येकी 18 गुण पडले, बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता आणि म्हणून चौघेही विजेते ठरले. मधल्या काही प्रयोगांनंतर 1975 मध्ये दहा गाण्यांना 12, 10, 8 आणि मग 7 पासून 1 पर्यंत, ही पद्धत आली आणि ती टिकली. त्यात पहिल्या दोन क्रमांकांना मुद्दाम थोडे अंतर दिले आहे, आणि दहाव्या पसंतीपर्यंत गुण पोहोचत असल्याने शून्याची शक्यता बरीच कमी झाली आहे.

डेन्मार्कचे पुढचे दोन विजय या नव्या तक्त्यावरचे आहेत. 13 मे 2000 रोजी स्टॉकहोममध्ये ऑल्सेन बंधूंनी 195 गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या रशियाला 40 गुणांनी मागे टाकले. डेन्मार्कमधील निवड फेरीत हे गाणे डॅनिश शब्दांत होते; भाषेचे बंधन 1999 मध्ये उठल्यामुळे स्टॉकहोममध्ये ते इंग्रजीत गायले गेले. तोपर्यंत बहुतेक देशांत परीक्षक मंडळांची जागा प्रेक्षकांच्या दूरध्वनी मतदानाने घेतली होती. या वेळचा आक्षेप मोजणीवर नव्हता: गाण्यातील एका भागात आवाजावर यंत्राने प्रक्रिया केली आहे, अशी तक्रार रशियन चमूने केली आणि ती फेटाळली गेली. 18 मे 2013 रोजी एमिली द फॉरेस्ट हिने माल्मो येथे 281 गुणांनी विजय मिळवला. माल्मो स्वीडनमध्ये असले तरी एरसुंड पुलाच्या पलीकडे कोपनहेगनच आहे, त्यामुळे डॅनिश चाहत्यांसाठी तो जवळजवळ घरचा कार्यक्रम होता.

42, 195 आणि 281 हे आकडे शेजारी ठेवले तर 1963 चा विजय किरकोळ वाटतो, पण अशी तुलना चुकीची आहे. 1963 मध्ये पंधरा देशांकडून प्रत्येकी 5, म्हणजे जास्तीत जास्त 75 गुण मिळू शकत होते. त्यांतले 42 म्हणजे 56 टक्के. 2000 मध्ये कमाल 276 होती, म्हणजे सुमारे 71 टक्के. 2013 मध्ये 456, म्हणजे सुमारे 62 टक्के. हीदेखील ढोबळ तुलनाच आहे, कारण पाच गाण्यांना गुण देणे आणि दहा गाण्यांना गुण देणे यांत फरक आहेच. तरीही 281 च्या तुलनेत 42 जितके लहान दिसते तितके ते नाही, हे यातून कळते.

आज निवेदक जे गुण वाचतो, ते आधीच गोळा झालेले, पडताळलेले आणि त्याच्या हाती सोपवलेले असतात. परीक्षक मंडळे तर अंतिम फेरीच्या आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवरून मत देतात. 2009 पासून अंतिम फेरीत परीक्षक आणि प्रेक्षक यांचे वजन निम्मे-निम्मे आहे, आणि 2023 पासून सहभागी नसलेल्या देशांतील लोकांनाही ऑनलाइन, शुल्क भरून, मत देता येते. त्या सर्वांची मते मिळून एका देशाइतकी धरली जातात, म्हणजे पुण्यात किंवा पणजीत बसलेला रसिकही आता या बेरजेत आपला कण टाकू शकतो.

ओस्लोसारखी चूक यामुळे अशक्य झाली, असे मात्र नाही; तिची जागा बदलली. 2016 मध्ये डेन्मार्कच्याच एका परीक्षिकेने आपली क्रमवारी उलटी भरली, सर्वांत आवडत्या गाण्याला शेवटचा क्रमांक आणि नावडत्याला पहिला, आणि त्यामुळे डॅनिश मंडळाचे 12 गुण ऑस्ट्रेलियाऐवजी युक्रेनला गेले. युक्रेनची आघाडी पुरेशी होती म्हणून विजेता बदलला नसता, इतकेच. 2019 मध्ये बेलारूसचे परीक्षक मंडळ बाद झाल्यावर त्याच्या जागी गणनेने काढलेले गुण वापरले गेले, आणि ती यादीच उलटी लागली होती. कार्यक्रम संपून काही दिवस उलटल्यावर दुरुस्ती झाली. विजेत्या नेदरलँड्सचे 492 गुण 498 झाले, आणि परीक्षकांच्या मतांत पहिला आलेला देश स्वीडन नसून उत्तर मॅसेडोनिया होता, हे तेव्हा उघड झाले. त्या रात्री पडद्यावर आनंद साजरा केला होता तो स्वीडनने.

‘डान्सेवीसे’मुळे 1964 ची स्पर्धा कोपनहेगनच्या तिवोली उद्यानातील सभागृहात भरली. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॅनिश प्रसारण संस्थेचा या स्पर्धेतला रस आटला, आणि 1967 ते 1977 अशी अकरा वर्षे डेन्मार्क तिच्यापासून दूर राहिला. ग्रेथे आणि यर्गन यांचा घटस्फोट 1975 मध्ये झाला. ग्रेथे यांचे 1990 मध्ये आणि यर्गन यांचे 2015 मध्ये निधन झाले.

स्वित्झर्लंडला मात्र विजयासाठी 1963 नंतर आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागले. 1988 मध्ये डब्लिन येथे शेवटच्या मंडळाची, म्हणजे युगोस्लाव्हियाची, पाळी आली तेव्हा ब्रिटन 136 गुणांवर आणि स्वित्झर्लंड 131 वर होते. युगोस्लाव्हियाने स्वित्झर्लंडला 6 गुण दिले आणि ब्रिटनला एकही दिला नाही. स्वित्झर्लंडसाठी त्या रात्री कॅनडाची सेलिन डिऑन गात होती आणि तिच्या फ्रेंच गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ होता ‘माझ्याशिवाय जाऊ नका’. 1963 मध्ये दोन गुणांनी हरलेल्या एस्थर ओफारिमच्या गाण्याचे नाव होते ‘जाऊ नकोस’.